वऱ्हाडी शब्दांची वही इंटरनेटवर नेताना

दारव्हा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या एका ताईंनी मला विचारलं आहे. आजेसासूबाई आणि गावातली म्हातारी माणसं यांच्याकडून शेतीचे, चुलीजवळचे वऱ्हाडी शब्द त्यांनी दोन वह्या भरून उतरवून घेतलेत आणि ते ब्लॉगवर घालायचे आहेत. हाताशी तीन वर्षं जुना फोन आणि पंचवीस हजार रुपये आहेत. तर ब्लॉगरवर लिहावं की वर्डप्रेसवर? टॅबलेट घ्यावा, नवा फोन घ्यावा की लॅपटॉप? शिवाय सासऱ्यांनी २००३च्या सुमाराला टाइप करून घेतलेल्या लेखांची एक सीडी घरात आहे. ती उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. तिचं काय करायचं?

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. कारण बाकीचे सगळे प्रश्न त्या सीडीपाशीच येऊन मिळतात.

आधी सीडी जशीच्या तशी संगणकावर उतरवून घ्या. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर वर्षागणिक खराब होतो, आणि आपल्याकडच्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये तर लवकरच. तुमच्या जवळपास सीडी ड्राइव्ह असलेला संगणक एखाद्या जुन्या डीटीपीवाल्याकडे मिळेल. तिथे पेन ड्राइव्ह घेऊन जा आणि सगळ्या फाइली उचलून आणा. वाचता येतात की नाही, ते नंतर बघू.

इंग्रजी अक्षरं का दिसतात, ते सांगतो. त्या काळात मराठी टाइप व्हायचं ते कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फाँटमध्ये. हे फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेला मराठी अंगरखा. कृतिदेवात ‘मराठी’ टाइप केलं की पडद्यावर मराठीच दिसायचं, पण फाइलमध्ये साठायचं ते ई, जे, के, मोठा बी आणि एच. म म्हणजे ई, र म्हणजे जे, काना म्हणजे के, ठ म्हणजे मोठा बी, दुसरी वेलांटी म्हणजे एच. ज्या संगणकावर तो फाँट नाही तिथे अंगरखा गळून पडतो आणि आतली अक्षरं उघडी पडतात. देवनागरीला स्वतःचे क्रमांक देणारं युनिकोड १९९१ सालीच आलं होतं, पण तालुक्याच्या टायपिंग सेंटरपर्यंत ते पोचायला बराच काळ गेला. विंडोज एक्सपीमध्येही भारतीय लिप्यांची सोय आधी वेगळी चालू करून घ्यावी लागायची.

तुमच्या सासऱ्यांचे लेख मात्र गेलेले नाहीत. फाइल वर्डमध्ये उघडा, मजकुरावर क्लिक करा आणि वर फाँटचं नाव काय येतं ते बघा. फाँट संगणकावर नसला तरी त्याचं नाव तिथे दिसतं. नाव कळलं की त्याच फाँटचा युनिकोडमध्ये रूपांतर करणारा कन्व्हर्टर शोधा. कृतिदेवाचा कन्व्हर्टर श्रीलिपीला चालत नाही, कारण प्रत्येकाची आतली बाराखडी वेगळी. रूपांतरानंतर दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून तपासा. एक पहिली वेलांटी आणि दुसरा रफार. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये याच्या बरोबर उलट आहे, त्यामुळे कन्व्हर्टरची चूक बहुतेक तिथेच होते. एका पानाला दहा मिनिटं लागतील. घरातली शुद्धलेखन चांगलं असलेली मुलगी बसली तर मे महिन्यात सगळं हातावेगळं होईल.

आता ही सीडी काय सांगते ते बघा. सासऱ्यांनी मेहनत घेतली, टायपिस्टला पैसे दिले, वर प्रतही करून ठेवली. तरी वीस वर्षांनी सुनेला ते वाचता येईना, कारण मजकूर एका फाँटच्या ताब्यात होता.

माझं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. आजोबा कपाशीची सरकी घरीच राखायचे. पेरणीच्या आधी ती शेणकाल्यात घोळून वाळवायची, म्हणजे दाणे मोकळे होतात. हे काम आम्हा पोरांकडे असायचं. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत दर मृगाला दुकानातून पाकीट आणणं आलं, कारण संकरित वाणाची सरकी पुढच्या वर्षी तशीच्या तशी येत नाही. लेखनाकडेही मी याच नजरेनं बघतो. तुमच्या घरात, तुमच्या पेन ड्राइव्हवर असलेली साध्या मजकुराची युनिकोड फाइल ही घरची सरकी. ब्लॉगर, वर्डप्रेस, फेसबुक ही मक्त्यानं केलेली वावरं. तिथे पेरा, पीक घ्या, पण सरकी घरी ठेवा.

हे मला फार उशिरा कळलं. २००६ साली मी नागपूरला नोकरीत असताना एका मोफत सेवेवर लिहायला लागलो. तीन वर्षांत साठ-एक लेख झाले. त्यात आजोबांवरचे सात होते. ती सेवा बंद होणार असल्याची सूचना आली ती माझ्या जुन्या ईमेलवर, जो मी उघडतच नव्हतो. जेव्हा बघितलं तेव्हा काही उरलं नव्हतं. जुन्या वेबपानांच्या प्रती राखणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये शोधून एकवीस लेख परत मिळाले. आजोबांवरच्या सातांपैकी दोन. उरलेले पाच मी पुन्हा लिहायला बसलो, पण तोवर आजोबा गेले होते आणि अर्धे तपशील त्यांच्यासोबत गेले. आणि छोट्या सेवाच बुडतात असंही नाही. लाखो लोकांनी पानं मांडलेलं याहूचं जिओसिटीज २००९ साली बंद झालं. गूगल रीडर २०१३ साली गेलं, गूगल प्लस २०१९ साली.

म्हणून ब्लॉगर की वर्डप्रेस या प्रश्नात मी पहिल्यांदा बघतो, तिथून बाहेर पडता येतं का. दोन्हींतून येतं. दोन्हीकडे सगळं लेखन एका फाइलमध्ये उतरवून घेता येतं आणि थोड्या खटपटीनं एकीकडचं दुसरीकडे नेताही येतं. ब्लॉगर १९९९ सालचं आणि २००३पासून गूगलकडे. वर्डप्रेसही २००३चंच, पण ते कुणीही आपल्या सर्व्हरवर बसवू शकेल असं खुलं सॉफ्टवेअर आहे. त्याच नावाची तयार मोफत जागाही मिळते, ती वेगळी. स्वतःच्या सर्व्हरवर वर्डप्रेस बसवलं तर मालकी पूर्ण तुमची, पण दर काही आठवड्यांनी अपडेट करणं, प्लगइनकडे म्हणजे वरून जोडलेल्या सोयींकडे लक्ष ठेवणं, होस्टिंगचं म्हणजे सर्व्हरवरच्या भाड्याच्या जागेचं नूतनीकरण हे सगळं तुमच्या गळ्यात. होस्टिंगवाले पहिल्या वर्षाचा भाव मोठ्या अक्षरांत लिहितात, नूतनीकरणाचा बारीक अक्षरांत. शाळा, घर आणि निवडणुकीची ड्युटी सांभाळून हे करायला मी तुम्हाला सांगणार नाही.

तुम्ही ब्लॉगरवर सुरू करा. पैसे लागत नाहीत, पुढे स्वतःचं डोमेन म्हणजे स्वतःच्या नावाचा पत्ता घेतला तर जोडायचे वेगळे पैसे पडत नाहीत, आणि कच्च्या नेटवरही पान उघडतं. फक्त साधी थीम घ्या. सरकणारी चित्रं, बाजूला घड्याळ, हवामानाची पट्टी यातलं काही नको.

एक बारकावा मात्र पहिल्या लेखापासून सांभाळा, तो नंतर दुरुस्त होत नाही. ब्लॉगर लेखाचा पत्ता शीर्षकावरून बनवतं आणि त्यात देवनागरी घेत नाही. तुमचं शीर्षक ‘पऱ्हाटी (म्हणजे कपाशी) आणि तिचे शब्द’ असं काही असेल तर पत्त्यात नुसतं ‘ब्लॉग पोस्ट’ आणि एखादा आकडा येतो. प्रकाशित करण्याआधी उजवीकडे पर्मालिंकमध्ये म्हणजे लेखाच्या पत्त्याच्या रकान्यात जाऊन इंग्रजी लिपीत ‘परहाटी’ असं स्वतः लिहा. एकदा लिंक व्हॉट्सॲपवर फिरली की पत्ता बदलता येत नाही, बदलला तर लोकांकडची लिंक मरते. वर्डप्रेस देवनागरी ठेवतं, पण त्याचीही एक अडचण आहे. देवनागरीचं एक अक्षर पत्त्यात नऊ चिन्हांचं होतं. वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या त्या भागाला २०० चिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे काना-मात्रा धरून बावीसेक अक्षरांनंतर शीर्षक तुटतं. आणि व्हॉट्सॲपवर ती टक्केवारीच्या खुणांची लांबलचक लिंक बघून लोक व्हायरस समजून हातच लावत नाहीत. आमच्या गावात हे घडलेलं आहे.

फेसबुकबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. तिथे वाचक लगेच मिळतात हे खरं. पण तीन महिन्यांनी ‘वखर आणि डवरा यात फरक काय’ असं कुणी गूगलवर शोधलं तर तुमची पोस्ट त्याला सापडण्याची शक्यता जवळजवळ नाही. ब्लॉगवर लिहा आणि लिंक गावाच्या ग्रुपवर टाका. आख्खा मजकूर ग्रुपवर टाकला तर दुसऱ्या दिवशी तो तुमचं नाव गाळून फिरत असेल.

आता टायपिंग. तुमच्या कामात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होऊ शकतं, म्हणून जरा थांबून लिहितो.

फोनचा मराठी कीबोर्ड प्रमाण मराठीवर पोसलेला आहे. तुम्ही ‘डोया’ लिहिलं की तो ‘डोळा’ करू बघतो. ‘शाया’, ‘काया’, ‘पानी’, ‘कोनी’ हे सगळे त्याला चुकलेले शब्द वाटतात. तुम्ही स्पेस दाबली आणि नजर हलली की शब्द बदललेला असतो. दोनशे शब्दांची यादी करताना असे पंधरा शब्द नकळत पुण्याचे होऊन जातात, आणि आपण नोंदवलं काय हे पुढे कुणालाच कळत नाही. म्हणून कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप दुरुस्ती बंद करा. सुचवण्या दिसू द्या, पण बदल करू देऊ नका. वऱ्हाडी शब्द कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात घालत गेलात तर महिनाभरात तो तुमची भाषा शिकेल. बोलून टाइप करण्याची सोय गूगलने २०१७मध्ये मराठीत आणली. शाळेच्या कामाला ती छान आहे. वऱ्हाडीसाठी मुळीच वापरू नका. आजीबाई ‘माहा’ म्हणतील आणि पडद्यावर ‘माझा’ किंवा ‘महा’ उमटेल.

दुसरं म्हणजे ‘पऱ्हाटी’तला तो अर्धा र. आपल्या बोलीत त्याच्याशिवाय पान हलत नाही: वऱ्हाड, पऱ्हाटी, कोऱ्या, म्हाताऱ्या. हे अक्षर दोन पद्धतींनी टाइप होतं. एक, नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलन्त द्यायचा. दुसरी, साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. अर्धी यादी एका पद्धतीनं आणि अर्धी दुसरीनं टाइप झाली, तर स्वतःच्याच फाइलमध्ये शोधताना अर्धे शब्द सापडत नाहीत. माझं हे झालंय आणि मी आठवडाभर दुरुस्त करत बसलो होतो. पहिली पद्धत धरा. लॅपटॉपवर इन्स्क्रिप्ट ही देवनागरी कीबोर्डची मांडणी शिकलात तर र ज्या बटणावर आहे त्याच बटणावर शिफ्ट धरून ऱ येतो. मग हलन्त, मग ह. बोटांना तीन-चार दिवसांत सवय होते. इन्स्क्रिप्ट शिकायला पंधरा दिवस जातील, पण तुम्ही आयुष्यभर लिहिणार आहात, ते पंधरा दिवस द्या.

आणि लिहा ते ब्लॉगरच्या चौकटीत थेट नको. लाइन गेली, राउटर बंद पडला, तुम्ही ‘प्रकाशित करा’ दाबलं आणि पान कोरं आलं, तर दीड तासाचं काम गेलं. नोटपॅडमध्ये लिहा, फाइल युनिकोडमध्ये म्हणजे यूटीएफ-८ मध्ये जतन करा, मग चिकटवा. विंडोज १०च्या २०१९नंतरच्या नोटपॅडमध्ये हे आपोआप होतं. त्याआधीच्यात जतन करताना खालच्या खिडकीत ‘एन्सी’ असतं, ते बदलावं लागतं. नाही बदललं आणि इशारा न वाचता पुढे गेलात तर फाइल परत उघडल्यावर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह दिसतं. ते कोणत्याही कन्व्हर्टरने परत येत नाही.

आता पंचवीस हजारांचं. टॅबलेट नको. वाचायला, मुलांना दाखवायला ठीक, पण त्याला कीबोर्ड जोडेपर्यंत लॅपटॉपची किंमत होते आणि तरी फाइली इकडून तिकडे करणं अवघडच राहतं. नवा फोनही नको. तुमचा तीन वर्षांचा फोन रेकॉर्डिंगला आणि फोटोला पुरेसा आहे, फक्त जागा रिकामी करा. गुड मॉर्निंगची चित्रं आधी काढा. लॅपटॉप घ्या, आणि तोही कंपन्यांनी वापरून काढलेला, दुरुस्त करून वॉरंटीसह विकलेला. त्यात एसएसडी म्हणजे वेगवान साठवण आणि ८ जीबी रॅम असेल एवढंच बघा. नव्यातल्या सगळ्यात स्वस्त लॅपटॉपपेक्षा अशाचा कीबोर्ड आणि बिजागरी कितीतरी मजबूत असतात. बॅटरी मात्र बदलून घेण्याची तयारी ठेवा. दुकानात बसूनच चार्जर काढा आणि अर्धा तास चालवून बघा. आपल्याकडे लॅपटॉपची बॅटरी हाच आपला इन्व्हर्टर.

ऊन आणि लाइन, या दोन गोष्टी बाहेरगावचे सल्लागार धरत नाहीत. लिथियमच्या बॅटरीला ३५ अंशांपर्यंतची हवा मानवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. दुपारी बारा ते पाच फोन चार्जिंगला लावू नका. पहाटे लावा. गाडीच्या डिक्कीत, खिडकीच्या उन्हात ठेवू नका. बॅटरी फुगलेली दिसली, पाठ वर आलेली वाटली, तर त्या दिवसापासून वापर बंद. लाइनचं असं की बहुतेक चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, कमी दाबाचं त्यांना काही वाटत नाही. खरी भीती डीपीवर म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर न्यूट्रल तुटण्याची. तेव्हा सिंगल फेजच्या घरात ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो आणि साधी एक्स्टेंशनची पट्टी काही वाचवत नाही. बल्ब एकदम लख्ख झाले की प्लग काढा. ढग गडगडायला लागले की बोर्डावरून सगळं सोडवा, राउटरसकट.

पॉवर बँक घेणार असाल तर वरच्या आकड्यावर जाऊ नका. १०,००० एमएएच हा आतल्या सेलचा आकडा, ३.७ व्होल्टवरचा. म्हणजे ३७ वॉट-तास. ५,००० एमएएचच्या फोनची बॅटरी साधारण १९ वॉट-तासांची. मधली गळती धरली तर फोन दोनदा नाही, दीड-पावणेदोन वेळा भरेल. तुमच्या कामाला तेवढं पुष्कळ झालं. पेन ड्राइव्ह मात्र बाजारातल्या गाडीवरून घेऊ नका. १२८ जीबी लिहिलेले आणि आत ८ जीबीच असलेले मी स्वतः पाहिलेत. फाइल आत उतरल्यासारखी दाखवतात आणि उघडायला गेलं की रिकामी.

लॅपटॉप घेऊन उरलेल्या पैशांतून दोन चांगल्या कंपनीचे पेन ड्राइव्ह आणि एक तारेचा कॉलर माइक घ्या. माइक का, तर शब्द नुसते वहीत उतरवून भागणार नाही. ‘पऱ्हाटी’ लिहून ठेवाल, पण ती म्हातारी बाई ‘पऱ्हाटी फुटली काय बापा’ म्हणताना कुठे दम घेते, कुठे सूर उचलते, ते लिहिता येत नाही. आवाज रेकॉर्ड करा आणि शब्दाशेजारी ठेवा. बिनदाबाच्या, म्हणजे आकार कमी न केलेल्या डब्ल्यूएव्ही फाइलला एका चॅनलचा एक तास म्हणजे साधारण ३२० एमबी. मूळ प्रत तीच ठेवा. ब्लॉगवर द्यायला तिचीच दाबलेली छोटी प्रत करा, ती ३० एमबीत बसेल. व्हॉट्सॲपवरून पाठवायची वेळ आली तर आवाज असो की फोटो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो आकसून जातो.

रेकॉर्डिंग बिघडवतो तो कूलर. मी एका उन्हाळ्यात काकाजींच्या सालदाराशी सलग दोन तास बोललो. तिफन म्हणजे पेरणीचं अवजार कसं भरायचं, सरत्यानं पेरताना बाईची चाल कशी असावी, धुऱ्यावर काय ठेवायचं, सगळं त्यांनी सांगितलं. घरी येऊन ऐकलं तर पंख्याच्या घरघरीत आणि टपटप पाण्यात आवाज बुडालेला. काढून टाकणारी सॉफ्टवेअरं आहेत, पण ती घरघरीसोबत बोलण्यातले श, स, ह सुद्धा खातात. पुढच्या उन्हाळ्यात परत गेलो तेव्हा त्यांना अर्धांगवायूचा झटका आलेला होता.

फाइलींचं सांगून ठेवतो. एक प्रत लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर, आणि दुसरा पेन ड्राइव्ह दुसऱ्या गावात, बहिणीकडे किंवा माहेरी. दर दिवाळीला आणि दर उन्हाळ्यात ब्लॉगचीही पूर्ण प्रत उतरवून त्यात टाका. गूगलचा नियम आता असा आहे की दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं ते काढून टाकू शकतात. तुमच्या खात्याच्या सेटिंगमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे, तिथे घरातल्या एका माणसाचं नाव घाला म्हणजे खातं पडून राहिलं तर त्याला कळेल आणि तुमच्या मजकुराची प्रत मिळेल. तुमच्या सासऱ्यांच्या वेळी असं काही नव्हतं.

लॅपटॉपची घाई नाही, तो दिवाळीतही घेता येईल. कॉलर माइक यवतमाळला मिळेल, नाही मिळाला तर फोन हनुवटीपासून वीतभर अंतरावर उशीवर ठेवा. येत्या रविवारी सकाळी सहाला आजेसासूबाईंजवळ बसा, कूलर लावायच्या आत. पहिल्यांदा त्यांचं नाव आणि माहेरचं गाव त्यांच्याच तोंडून घ्या.